मदेरा बेटावर अर्ध्या दिवसाची जीप सफर: कुठली वाट, कुठली वेळ, कुठली सीट

प्रश्न: आमची क्रूझ सकाळी 8 ला मदेराच्या फुंशाल बंदरात लागते आणि संध्याकाळी 5 ला सुटते. आम्ही पाच जण आहोत: मी, बायको, 9 वर्षांचा मुलगा, आई (67, कमरेचं जुनं दुखणं) आणि बाबा (71, ठणठणीत). अर्ध्या दिवसाची ऑफरोड जीप सफर घ्यावी असा विचार आहे. कोणी पश्चिमेची सुचवतं, कोणी पूर्वेची, कोणी म्हणतं त्यापेक्षा बस बरी. आईला झेपेल का? आणि ‘ऑफरोड’ म्हणजे नक्की किती?

उत्तर: घ्या. सकाळची घ्या, पश्चिमेची घ्या आणि पाच जणांसाठी अख्खी गाडी घ्या. आईंना न्यायचं की नाही हे मात्र गाडीतल्या सीटा बघून ठरवा. त्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण त्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे.

गेली तेरा-चौदा वर्षं मी लहान गट घेऊन अटलांटिकमधल्या बेटांवर जातो. मदेरात वीसेक वेळा तरी गेलो असेन आणि जवळजवळ दर खेपेला एक सकाळ जीपमध्ये गेली. मी बसतो ड्रायव्हरशेजारी. नजाऱ्यासाठी नाही, तिथून आरशात मागच्यांचे चेहरे दिसतात आणि कोणाला मळमळायला लागलंय ते त्याच्या आधी मला कळतं.

आधी बेटाचा नकाशा डोक्यात बसवा, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. पोर्तुगालचं हे मदेरा बेट म्हणजे समुद्रतळावरून उठलेल्या एका अवाढव्य ज्वालामुखीचा पाण्याबाहेर राहिलेला माथा. लांबी 57 किलोमीटर, रुंदी 22 च्या आसपास, आणि एवढ्याशा जागेत पिको रुइवो हे सर्वांत उंच शिखर 1862 मीटरवर. सपाट जमीन म्हणून जवळजवळ नाहीच. विमानतळाची धावपट्टी लांबवायची वेळ आली तेव्हा ती समुद्राच्या काठाने खांबांवर उभारावी लागली, यावरून ओळखा. गावं, शेतं, रस्ते, सगळं उतारावर टांगलेलं. नकाशात दोन गावांमध्ये बोटभर अंतर दिसतं, पण मध्ये दरी असते.

पूर्वी एका दरीतून दुसरीत जायचं तर डोंगर चढूनच जावं लागे. गेल्या तीसेक वर्षांत बोगदे झाले आणि फुंशालहून उत्तर किनाऱ्यावरचं साँव व्हिसेन्त पाऊण तासावर आलं. सोय झाली, पण प्रवाशाच्या डोळ्यांपुढून बेट गेलं. बसमध्ये बसलात की बोगदा, मग एक झलकभर दरी, मग पुन्हा बोगदा. जीप तुम्हाला बोगद्यांच्या वरून, डोंगराच्या धारेवरून नेते, हा तिचा खरा उपयोग. चिखलात धडपडणं वगैरे जाहिरातीच्या फोटोंपुरतं.

म्हणून सफर निवडताना ‘किती ठिकाणं दाखवणार’ हे विचारू नका. विचारा: किती उंचीवर नेणार आणि तिथे किती वाजता पोचवणार? चार तासांत एकच चढण नीट होते. जो अर्ध्या दिवसात नऊ ठिकाणं दाखवतो तो तुम्हाला नऊ पार्किंग दाखवतो.

आता ढगांबद्दल. मदेराचं सगळं नाटक ढगांवर चालतं. वर्षाचा बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे येतात. ते उत्तरेच्या कड्यांवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि ढग धरतात. त्यामुळे उत्तर बाजू ओली, हिरवीगार. फुंशालची दक्षिण बाजू कोरडी, उन्हाची. पूर्वीच्या लोकांनी याच फरकावर उपाय म्हणून लेवादा खोदल्या: उत्तरेचं पाणी डोंगराला वळसे घालून दक्षिणेच्या उसाला, केळीला, द्राक्षाला पोचवणारे हातभर रुंदीचे पाट. ते अजून वाहतात. सफरीत एखाद्या वळणावर गाडी थांबली की इंजिन बंद झाल्याबरोबर तो झुळझुळ आवाज ऐकू येतो.

ढगांचा पट्टा बहुतेक वेळा साधारण 800 ते 1500 मीटरच्या दरम्यान लोंबतो. म्हणजे फुंशालमध्ये वर बघून ‘आज आभाळ भरलंय’ असं वाटलं तरी 1818 मीटरवरच्या पिको दो आरिएरोवर लख्ख ऊन असू शकतं आणि खाली कापसाचा समुद्र. उलटही होतं: गावात ऊन आणि 1200 मीटरच्या खिंडीत पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. सकाळी हा पट्टा विरळ असतो, जमीन तापली की उतारावरून हवा वर सरकते आणि दुपारपर्यंत खिंडी भरून जातात. सकाळची सफर घ्या म्हणतो ते यासाठी. दुपारच्या सफरीत खाली किनाऱ्यावर छान प्रकाश मिळतो हे खरं, पण तुमच्या जहाजाच्या वेळेत ती बसवायची म्हणजे सारखं घड्याळाकडे बघत डोंगर बघायचा.

जहाजावरूनच एक काम करा. बेटावर ठिकठिकाणी लाइव्ह वेबकॅम आहेत. साडेसातला चहा घेताना आरिएरोचा आणि किनाऱ्यावरच्या काबो जिराँव कड्याच्या बाजूचा कॅमेरा उघडून बघा. अख्खी गाडी घेतलेली असेल तर ड्रायव्हरला सांगून क्रम बदलता येतो. वर आत्ता मोकळं असेल तर आधी वर, किनारा नंतर. सामायिक गाडीत हे होत नाही, तिथे ठरलेला क्रम ठरलेलाच.

पूर्व की पश्चिम? पूर्वेच्या सफरीत आरिएरो, रिबेरू फ्रियू, मग सांतानाची गवताच्या छपरांची तिकोनी घरं आणि पोर्तेलाच्या खिंडीतून परत, असा बेत असतो. सुंदर आहे, पण तो पूर्ण दिवसाचा ऐवज. अर्ध्या दिवसात कोंबला की गाडीतून उतरा-चढा एवढंच होतं. शिवाय आरिएरोच्या माथ्यापर्यंत गुळगुळीत डांबरी रस्ता आहे, टॅक्सीसुद्धा जाते. फक्त तेवढ्यासाठी जीपचे पैसे मोजायचं कारण नाही. आरिएरोहून रुइवोकडे जाणारी धारेवरची पायवाट फार नावाजलेली आहे. ती ऑगस्ट 2024 च्या वणव्यानंतर बराच काळ बंद ठेवावी लागली होती. तुमच्या वेळेत ती बसणार नाहीच, पण कोणी ‘थोडं चालून येऊ’ म्हणालं तर आधी वाट उघडी आहे का ते विचारा.

फनाल आणि पोर्तो मोनिझबद्दलही वाचलं असेल. फनालला धुक्यात उभी असलेली, शेवाळाने मढलेली, वाकड्यातिकड्या फांद्यांची ‘तिल’ नावाची जुनी झाडं आहेत. पोर्तो मोनिझला लाव्हाच्या खडकांत समुद्राच्या पाण्याची कुंडं. दोन्ही बेटाच्या दूरच्या वायव्य कोपऱ्यात. अर्ध्या दिवसात हे देऊ म्हणणाऱ्याशी व्यवहारच करू नका.

म्हणजे राहिली जवळची पश्चिम, खरं तर नैर्ऋत्य: कामारा दे लोबोश, काबो जिराँव, एश्त्रेइतूच्या द्राक्षमळ्यांतून वर, जंगलातल्या कच्च्या वाटेने बोका दोश नामोरादोश किंवा बोका दा कोरिदा, आणि परत. ‘बोका’ म्हणजे तोंड. दोन डोंगरांच्या मधली खिंड, जिथून पलीकडची दरी एकदम उघडते. फुंशालपासून यातलं काहीच लांब नाही, म्हणून वेळ रस्त्यात जात नाही, चढण्यात आणि बघण्यात जातो.

‘ऑफरोड नक्की किती’ या प्रश्नाचं सरळ उत्तर: चार तासांत पाऊण ते सव्वा तास कच्ची वाट मिळाली तर सफर चांगली म्हणायची. बाकीचा वेळ अरुंद डांबरी गल्ल्या, ज्यांतले काही चढ असे की मोठी बस तिथे वळूच शकणार नाही. वाळवंटातल्यासारखं वाट्टेल तिथून गाडी घालणं इथे नाही आणि असूही नये; जंगलात ठरवून दिलेल्या मातीच्या वाटा आहेत, त्यावरूनच जायचं. उन्हाळ्यात आगीचा धोका वाढला किंवा पावसाने दरड आली की त्या बंद होतात. एकदा मी घाईत एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून सफर घेतली. कच्चा रस्ता आला आणि घड्याळ बघेपर्यंत संपला: अकरा मिनिटं. विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, पुढची वाट महिन्यापूर्वीच बंद झाली आहे. जाहिरात मात्र बदललेली नव्हती. तेव्हापासून मी आधी लिहून विचारतो: या आठवड्यात कच्ची वाट कुठून कुठे चालू आहे? खरोखर रोज जाणारा माणूस दोन ओळींत सांगतो. इतर लोक ‘अविस्मरणीय अनुभव’ लिहून पाठवतात.

गाडीचं थोडं सांगतो, कारण बाबा आणि मुलगा दोघांना त्यात रस असेल. बहुतेक ठिकाणी जुनी लांब लँड रोव्हर डिफेंडर असते, मागचं छप्पर उघडणारी. बारीक खडी आणि निसटती माती असलेल्या तीव्र उतारावर येताच ड्रायव्हर थांबतो, मोठ्या गिअरच्या शेजारचा आखूड दांडा ओढतो आणि गाडी ‘लो रेंज’मध्ये घालतो. आता इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाकं निम्म्याहून कमी वेगाने फिरतात. मग तो ब्रेकवरचा पाय काढून घेतो. नवख्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. पण हेच बरोबर आहे. अशा उतारावर ब्रेक दाबून धरला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते आणि लांबलचक उतारावर ब्रेक तापून निकामी होतात. कमी गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं; आवाज मोठा, वेग माणसाच्या चालीचा. मुलाला सांगा, इंजिन ओरडतंय म्हणजे गाडी ताब्यात आहे. कच्च्या तीव्र उतारावर जर ड्रायव्हर गप्पा मारत, ब्रेक दाबत, भराभर खाली येत असेल तर ते कौशल्य नव्हे. निःसंकोच सांगा, सावकाश.

आता आई.

सहा वर्षांपूर्वी माझ्या गटात साठीच्या एक काकू होत्या. कमरेचा त्रास मला सांगितला होता, पण ‘हल्ली बरी आहे’ असंही म्हणाल्या होत्या. गाडी आली. मागे दोन्ही बाजूंना लांब बाकं, समोरासमोर तोंड करून बसायची. मी त्यांना चढायला सोपं म्हणून अगदी शेवटी, दाराजवळ बसवलं. कच्चा रस्ता सुरू झाल्यावर पंधराव्या मिनिटाला आरशात त्यांचा चेहरा पांढरा दिसला. गाडी थांबवून त्यांना पुढे, माझ्या जागेवर आणलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढचे तीन दिवस त्या पट्टा बांधून फिरल्या आणि एकदाही मला बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

चूक साधी होती. मागच्या चाकाच्याही मागे असलेली जागा म्हणजे सी-सॉचं टोक. चाक खड्ड्यात गेलं की दोन चाकांच्या मधल्या माणसाला जो धक्का बसतो त्याच्या कितीतरी जास्त तिथल्या माणसाला बसतो. शिवाय आडव्या बाकावर गाडी चढताना-उतरताना कंबर एका बाजूला पिळते आणि टेकायला पाठ मिळत नाही. पुढच्या दोन सीटा, किंवा मधली रांग असेल तर ती, समोर तोंड असलेली, डोक्याला टेकण असलेली; कमरेच्या माणसाने फक्त तिथेच बसायचं. बुक करताना गाडीच्या आतला फोटो मागवा. बाहेरचा नको, बाहेरून सगळ्या जीपा वाघासारख्याच दिसतात. आत फक्त आडवी बाकं असतील तर ड्रायव्हरशेजारची सीट आईंची, हे लेखी ठरवून घ्या. मणक्याची गादी सरकलेली असेल, पायात मुंग्या येत असतील, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र सीट कुठलीही असो, नको. त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. ‘जीप’ म्हणू नका, ‘तासभर खडबडीत रस्त्यावर हादरे’ असं म्हणा, म्हणजे उत्तर बरोबर मिळेल. गाडीत चढायची पायरीही उंच असते. घडीचा छोटा स्टूल बहुतेकांकडे असतो, आधी सांगितलं तर आणतात.

आणखी एक मार्ग आहे. बोका दा कोरिदापर्यंत डांबरी रस्ताही जातो. आई टॅक्सीने तिथे पोचू शकतात, तुम्ही जीपने कच्च्या वाटेने या. असं मी दोनदा केलंय. दोन्ही वेळा टॅक्सीवाले आधी पोचले आणि आम्ही धुळीने माखून आलो तेव्हा हसले.

मुलाबद्दल: पोर्तुगालमध्ये 12 वर्षांखालच्या आणि 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत बूस्टर किंवा मुलांची सीट लागते. मुलाची उंची आजच मोजा आणि कमी असेल तर बुकिंग करतानाच सीट मागा. ती आडव्या बाकावर नीट बसत नाही, म्हणजे पुन्हा समोर तोंड असलेल्या सीटांचीच गाडी हवी.

छप्पर उघडल्यावर उभं राहायला मिळेल का, हा मुलांचा पहिला प्रश्न असतो. डांबरी रस्त्यावर नाही, काही झालं तरी. कच्च्या वाटेवर काही ड्रायव्हर गाडी अगदी सावकाश असताना परवानगी देतात. माझ्या गटात मी 14 वर्षांखाली उभं राहू देत नाही. तिथे वाटेवर निलगिरीच्या फांद्या इतक्या खाली येतात की पुढचा माणूस वाकतो आणि त्याने सोडलेली फांदी मागच्याच्या कानशिलात बसते. चष्मा दोरीने बांधा, टोपी बॅगेत ठेवा. बाबा ठणठणीत असले तरी त्यांनाही बसूनच राहू द्या.

या निलगिरीबद्दल दोन शब्द. जाहिरातीत ‘युनेस्कोचं जंगल’ असं हमखास लिहिलेलं असतं. ते जंगल म्हणजे लाउरिसिल्वा, तमालाच्या कुळातल्या सदाहरित झाडांचं प्राचीन रान. युरोपात फार पूर्वी असं रान मोठ्या प्रमाणावर होतं, हवामान बदललं तसं ते तिथून नाहीसं झालं आणि या बेटांवर तगून राहिलं. सुमारे 15,000 हेक्टरचं हे जंगल 1999 मध्ये जागतिक वारशात गेलं. पण ते मुख्यतः उत्तरेच्या ओल्या उतारांवर आहे. मदेरा या शब्दाचा अर्थच लाकूड. 1419 नंतर पोर्तुगीज वसाहतवाले आले आणि दक्षिण उतारावरचं रान त्यांनी शेतीसाठी, उसासाठी जाळलं, तोडलं. तुम्ही ज्या कच्च्या वाटांवरून जाल तिथे बव्हंशी बाहेरून आणलेली निलगिरी, पाइन आणि मध्येमध्ये चेस्टनट. वास छान येतो. पण हीच निलगिरी तेलकट असल्याने भडकन पेटते आणि जळाल्यावर सगळ्यांच्या आधी पुन्हा फुटते. 2016 आणि 2024 चे ऑगस्टमधले वणवे बेटाने भोगले आहेत. काळे पडलेले बुंधे आणि त्यांच्या बुडातून फुटलेली निळसर पालवी वाटेत दिसली तर ड्रायव्हरला विचारा. त्या विषयावर तिथला प्रत्येक माणूस बोलतो.

खालची ठिकाणं भराभर. कामारा दे लोबोश हे रंगीत होड्यांचं कोळ्यांचं गाव. ‘लोबोश’ म्हणजे लांडगे, इथे समुद्री लांडगे, म्हणजे सील. 1950 मध्ये चर्चिल इथे बसून चित्र रंगवत होते, याची आठवण गावाने अजून सोडलेली नाही. वीस मिनिटं पुरतात. काबो जिराँव हा समुद्रात सरळ उतरणारा 580 मीटरचा कडा. 2012 मध्ये त्याच्या टोकावर काचेचा सज्जा बांधला. क्रूझच्या दिवशी साडेदहानंतर तिथे बसगाड्यांची रांग लागते, त्याआधी गाठा किंवा परतताना. सज्जावरून खाली पायथ्याशी चिकटलेले शेतांचे चिमुकले तुकडे दिसतात. तिथले लोक अशा डोंगरातल्या पायऱ्या-शेतांना ‘पोयो’ म्हणतात. दगडी बांध घालून केलेले, बैलही वळणार नाही एवढे.

खिंडीसाठी वेळ राखून ठेवा, तिथे अर्धा तास हवाच. मागच्या वेळी आम्ही पावणेअकराला बोका दा कोरिदाला पोचलो. 1235 मीटर. फुंशालमध्ये अर्ध्या बाह्यांचे शर्ट होते, इथे वाऱ्याने दात वाजत होते. उंचीमुळे सात-आठ अंश सहज कमी होतात आणि वारा वेगळा. समोर काही नाही. पांढरं. कठड्यापलीकडे जणू कोणी धोतर वाळत घातलंय. गटातले दोघे गाडीत जाऊन बसले, एकाने मला घड्याळ दाखवलं. ड्रायव्हर बॉनेटवर टेकून संत्रं सोलत होता. त्याने मान न वळवता बोटाने डावीकडे दाखवलं: तिथे ढगाची कड धारेवरून पलीकडे ओघळत होती, दूध उतू जावं तशी. ‘सात मिनिटं’, तो म्हणाला. नऊ लागली. आधी समोरच्या कड्याचा काळा माथा सुटला, मग त्याची कंबर, मग खाली, फार खाली, लाल कौलांचे ठिपके आणि एक सुतासारखा रस्ता. कुराल दाश फ्रैराश. गाडीत बसलेले दोघे धावत आले तोवर निम्मं पुन्हा झाकलं गेलं होतं.

नावाचा अर्थ जोगिणींचा गोठा म्हणा, कुरण म्हणा. 1566 मध्ये फ्रेंच चाच्यांनी फुंशाल लुटलं तेव्हा सांता क्लारा मठातल्या जोगिणी पळून या दरीत लपल्या. वरून बघितल्यावर पटतं: चारही बाजूंनी भिंती, समुद्रावरून काहीही दिसणार नाही. गाव चेस्टनटसाठी प्रसिद्ध आहे. काही सफरी तुम्हाला खाली गावातही नेतो म्हणतात. चार तासांत नको. ही दरी वरून बघायची आहे.

परतीच्या वाटेवर बहुतेक ड्रायव्हर एश्त्रेइतूच्या आसपास एखाद्या छोट्या टपरीवजा बारपाशी थांबतात. पोंशा देतात: उसाची कडक दारू, मध आणि लिंबू, लाकडी रवीने घुसळून. सरबतासारखी लागते आणि दुसऱ्या पेल्याला पाय सोडते. पुढे वळणं बाकी असतात हे लक्षात ठेवा. ड्रायव्हरने पेला उचलला तर सफर तिथेच संपवून टॅक्सी बोलवा, यात भीड नको. शाकाहारी असाल तर बोलो दो काकू मागा, रताळं घातलेली जाड भाकरीसारखी रोटी, लसणाच्या लोण्याने माखलेली. त्या भागाची ख्याती मात्र तमालाच्या काडीवर भाजलेल्या गोमांसाची आहे, तेव्हा शाकाहारी आहात हे ऑर्डर देण्यापूर्वी सांगा.

मळमळीचं: वळणांत मोबाइलमध्ये बघणारा माणूस पहिला पडतो. नाश्ता हलका करा, पण उपाशी चढू नका. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांनी सांगितलेली, निघण्याच्या आधी. चढणीत घेऊन उपयोग होत नाही. जहाजावर दोन-तीन दिवस काढलेल्यांना जमिनीवरही थोडं डुलल्यासारखं वाटतं, त्यात ही वळणं. म्हणून बंदरातून निघाल्यावर पहिला थांबा कामारा दे लोबोशचाच घ्या आणि दहा मिनिटं पायी चाला.

वेळेचा हिशेब असा. जहाज 8 ला लागलं तरी उतरेपर्यंत पाऊण तास जातो, म्हणून गाडी 9 ला बंदराच्या फाटकाबाहेर. 1 ला परत. जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते, ती तुमच्या कार्डावर छापलेली असेल, तीच धरा. तरीही तुमच्या हातात तीन-साडेतीन तास राहतात. जहाजामार्फत घेतलेली सफर उशिरा आली तर जहाज थांबतं, बाहेरून घेतलेली आली तर निघून जातं, हा फरक खरा आहे. पण 1 ला परतणाऱ्या सफरीत मी तो धोका बिनदिक्कत घेतो. जहाजाच्या सफरीत तुम्हाला गाडी, सीट आणि क्रम यातलं काहीच निवडता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत सीट हीच मुख्य गोष्ट आहे.

सोबत प्रत्येकी एक पातळ वारारोधक जाकीट, बंद बूट, पाणी. पांढरे कपडे नकोत. तिथली लाल माती धुतल्यावर जाते असं म्हणणाऱ्याने ती धुतलेली नसते.

एका परिस्थितीत सफर सरळ रद्द करा: डोंगराळ भागासाठी नारिंगी किंवा लाल पावसाचा इशारा असेल तर. 20 फेब्रुवारी 2010 ला वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस ओढ्यांमधून दगडधोंडे घेऊन फुंशालमध्ये घुसला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. इथले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे, वर पडलेलं पाणी बघता बघता खाली येतं. चांगला सफरवाला अशा दिवशी स्वतःच फोन करून पैसे परत देतो. बुक करताना ही अट लिहून घ्या. त्या दिवशी फुंशालमध्येच राहा, शेतकरी बाजारात आईंना पॅशनफ्रूटचे पाच-सहा प्रकार चाखायला मिळतील. फक्त चाखायला दिलेलं फळ घेण्याआधी भाव विचारा, तिथे वजनकाटा फार चपळ आहे.